चिरंजीव म्हणजे कोण?

सोलापूरहून धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर येरमाळा मागे टाकले की तेरखेडा लागते. धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातले हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांमुळे सर्वदूर ठाऊक आहे. मी मात्र तिथे गेलो तो एका जुन्या पेटीसाठी. विद्यार्थिदशेत पुण्याच्या वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारा मित्र तेरखेड्याचा. मी वसईचा, तो मराठवाड्याचा. चाळीस वर्षांच्या मैत्रीत एकमेकांच्या घरचे सण आम्ही पाहिले होते, पण त्याच्या घरची कागदपत्रे पाहण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. तो आला २०२३ च्या अखेरीस.

त्या वर्षी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली आणि मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. गावोगावच्या माळ्यांवरून पेट्या खाली आल्या. ज्या मोडी कागदांना उंदरांशिवाय कोणी हात लावला नव्हता, ते वाचणाऱ्याची शोधाशोध सुरू झाली. मी निवृत्तीनंतर हौसेने मोडी शिकलो आहे हे मित्राला ठाऊक होते. त्याने फोन केला, "ये आणि वाचून दे." नोंद मिळाली तर तिच्यापासून स्वतःपर्यंत वंशावळ जोडायची आणि ती खरी असल्याचे शपथपत्र करायचे, असे ते काम होते. त्या मागणीच्या राजकारणात मला शिरायचे नाही. मला खिळवून ठेवले ते त्या पेटीतल्या एका मृत्युपत्राने.

कागद १३४३ फसलीचा. हैदराबाद संस्थानात चालणाऱ्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे हा १९३३-३४ चा. मृत्युपत्र करणारा माझ्या मित्राचा पणजोबा. त्याने आपली जिराईत जमीन दोघांत वाटली होती. एक 'चिरंजीव थोरला', दुसरा 'चिरंजीव धाकटा'. थोरल्याच्या नावापुढे 'बिन' आणि त्यापुढे पणजोबाचे स्वतःचे नाव, म्हणजे 'अमक्याचा मुलगा'. धाकट्याच्या नावापुढे मात्र काहीच नव्हते. शेवटी एका बाईचा उल्लेख होता. तिला हयातभर वाड्यातली एक खोली आणि वर्षाला ठरावीक ज्वारी द्यावी, असे लिहिलेले. तिच्या नावापुढे 'कोम', म्हणजे 'अमक्याची बायको', आणि त्यापुढे असे एक नाव की जे घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

मी वाचत होतो, मित्र ऐकत होता. 'बिन' नसल्याचे मी सांगितले तेव्हा त्याचा चेहरा उतरला. तो स्वतः धाकट्याच्या वंशातला.

"तुला जे दिसते ते मला सांग," तो म्हणाला. "पण कुठे लिहू नकोस."

वाचकहो, असे प्रसंग केवळ तेरखेड्यात घडतात असे नाही. आपल्या वसईतही जमिनीला सोन्याचा भाव आला तेव्हा आजोबा-पणजोबांची मृत्युपत्रे कपाटांतून बाहेर आली. गोव्यातील अनेक कुटुंबे पोर्तुगीज नागरिकत्वासाठी बाप्तिस्म्याचे जुने दाखले शोधत धर्मग्रामाच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत असतात. कोणी मालमत्तेसाठी शोधतो, कोणी कागदासाठी, कोणी निखळ कुतूहलाने. पाहता पाहता वंशवृक्षाच्या एखाद्या फांदीवर अनोळखी नाव दिसते आणि शोधणाऱ्याचा हात थबकतो. तिथे दोन प्रश्न उभे राहतात. हे नाते नेमके कोणते, हा पहिला. आणि ते कळल्यावर मी काय करावे, हा दुसरा. पहिला अभ्यासाने बहुधा सुटतो.

त्या पहिल्या प्रश्नात आपली सर्वांत मोठी फसगत करतात ते आपल्या ओळखीचे शब्द. 'चिरंजीव' म्हणजे मुलगा, हे आज लग्नपत्रिका वाचणारे पोरही सांगेल. पण जुन्या पत्रव्यवहारात वडीलधाऱ्या माणसाने पुतण्याला, भाच्याला, धाकट्या भावाला, इतकेच काय, शिष्यालाही 'चिरंजीव' लिहावे, असा प्रघात होता. तो आशीर्वाद होता. त्यात नाते सांगितलेले नसे. एकत्र कुटुंबांत याहून मौज असे. चुलतभावंडे ज्याला 'काका' म्हणत, त्याला त्याची स्वतःची मुलेही 'काका' म्हणत. सख्ख्या आईला 'वहिनी' म्हणणारी मुले महाराष्ट्रात घरोघर होती. अशा घरातल्या मुलाने पुढे आपल्या आठवणीत लिहिले की, "काकांनी मला हे शेत दिले," तर नातवाने त्यावरून काय समजावे?

परभाषेतल्या कागदांत गुंता निराळा असतो. मराठीने पुतण्या आणि भाचा वेगळे ठेवले, चुलता आणि मामा वेगळे ठेवले. पोर्तुगीज कागदातला 'सोब्रिन्यो' मात्र पुतण्याही असतो आणि भाचाही. इंग्रजांच्या 'अंकल'मध्ये आपले काका, मामा आणि मावसे गुण्यागोविंदाने नांदतात. शेक्सपिअरने १६१६ साली केलेल्या मृत्युपत्रात एलिझाबेथ हॉल हिला आपली 'नीस' म्हटले आहे. आजच्या अर्थाने ती पुतणी किंवा भाची ठरेल; प्रत्यक्षात ती त्याच्या मुलीची मुलगी, म्हणजे नात होती. त्या काळी तो शब्द नातीलाही चालत असे. आडनावावरही विसंबू नये. वसईत डिसोजा, लोपीस, परेरा ही आडनावे धर्मांतराच्या वेळी धर्मगुरूकडून किंवा धर्मपित्याकडून आली, त्यामुळे एकाच आडनावाची दोन शेजारघरे रक्ताने परकी असू शकतात आणि दोन भिन्न आडनावांची घरे मुळात एका चुलीची.

मृत्युपत्रात काय दिले यापेक्षा काय दिले नाही, यावरूनही नाती उलगडतात. "माझ्या मुलीस लग्नात दागिने दिले आहेत, सबब तिला काही नाही," एवढ्या एका वाक्यामुळेच पुष्कळदा ती मुलगी जन्मली होती हे आपल्याला कळते. माझ्या आजोबांच्या मृत्युपत्रात माझ्या थोरल्या आत्याचे नाव असेच आले आहे, वगळण्यापुरते. ती मी जन्मण्यापूर्वीच वारली आणि घरात तिच्याविषयी कोणी बोलत नसे. साक्षीदारांच्या सह्याही पाहाव्यात. भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार आपल्या समाजात जो मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला किंवा त्याच्या पत्नीला त्यातून दिलेली देणगी रद्द ठरते. त्यामुळे सख्खा भाऊ साक्षीदार दिसला, तर त्याला काही मिळणार नव्हते हे आधीच ठरलेले असण्याचा संभव पुष्कळ.

तेरखेड्याच्या कोड्याचा अर्धा भाग दुसऱ्या दिवशी सुटला. शेतसाऱ्याच्या पावत्यांचे एक पुडके निघाले. त्यातल्या एका पावतीवर पणजोबाच्या जोडीला तेच अनोळखी नाव होते, आणि दोघांच्या नावापुढे बाप एकच. म्हणजे तो पणजोबाचा भाऊ. ती बाई त्या भावाची बायको, आणि मृत्युपत्राच्या वेळी बहुधा विधवा. धाकटा 'चिरंजीव' हा तिचाच मुलगा असावा, असा अंदाज मी मांडला. तेवढ्यात माजघराच्या दारात बसलेली मित्राची आई बोलली. तिचे वय पंच्याऐंशीच्या पुढे.

"मी नांदायला आले तेव्हा म्हातारी होती की. समदे काकीच म्हणायचे तिला. मामंजी पण काकीच म्हणायचे. पर शेवटच्या दुखण्यात मामंजींनीच तिचं समदं केलं. चुलतीचं एवढं कोण करतं, असं बाया म्हणायच्या."

मामंजी म्हणजे तो धाकटाच, माझ्या मित्राचा आजोबा. त्याला ती आई लागत होती, आणि तरी तो तिला काकी म्हणत होता.

इथवर आल्यावर मित्राचा जीव भांड्यात पडला. धाकटा भावाचा मुलगा असला तरी मूळ पुरुष एकच. वडिलांकडचे रक्ताचे नाते कुठेही तुटत नव्हते. पण कोडे संपले नव्हते. भाऊ कधी वारला आणि मुलगा कधी जन्मला, हे एकही कागद सांगत नव्हता. मुलगा भावाचा होता. की भाऊ गेल्यावर दिराने वहिनीला सांभाळले आणि मुलगा त्याचाच होता, ज्याला 'चिरंजीव' म्हणता आले पण 'बिन' लिहिता आले नाही? दोन्ही वाचने कागदाशी जुळत होती. माझे काम तिथे थांबले.

आणि वाद तिथेच सुरू झाला. शपथपत्रासाठी मित्राने जी वंशावळ आखली होती, तिच्यात पणजोबाखाली दोन सरळ रेघा होत्या, थोरला मुलगा आणि धाकटा मुलगा. मी म्हणालो, "शपथेवर लिहितो आहेस. कागद 'मुलगा' म्हणत नाही. पुतण्या असण्याचा संभव अधिक आहे." तो म्हणाला, "पणजोबांनी मरताना त्याला चिरंजीव म्हटले, निम्मे रान दिले. त्यांनी मुलगा मानला, मी पुतण्या कसा लिहू? तो त्यांचा अपमान नाही का होणार?"

मला तत्काळ उत्तर सुचले नाही. रात्री अंगणात बाजेवर पडल्या पडल्या आठवले की आपल्या शुभवर्तमानातही नेमके हेच कोडे आहे, आणि आपण ते दरवर्षी नाताळच्या सुमारास ऐकून सोडून देतो. मत्तयच्या वंशावळीत योसेफाचा बाप याकोब; लूकच्या वंशावळीत एली. एका माणसाला दोन बाप कसे? तिसऱ्या शतकात ज्युलियस आफ्रिकानस याने दिलेला खुलासा एउसेबियसने आपल्या ग्रंथात जपून ठेवला आहे. एली निःसंतान वारला. मोशेच्या नियमाप्रमाणे त्याच्या विधवेशी याकोबाने विवाह केला. म्हणून योसेफ रक्ताने याकोबाचा आणि नियमाने एलीचा. हा खुलासा सर्वांना पटतो असे नाही. पण ख्रिस्तमंडळाने दोन्ही याद्या एकाच ग्रंथात शेजारी ठेवल्या. विसंगती दिसते म्हणून कोणी एक पान फाडले नाही. आणि या दोन्ही वंशावळी ज्या योसेफापाशी येऊन पोचतात, तो तर त्या बाळाचा रक्ताचा पिता नव्हताच. लूक म्हणूनच सावधपणे लिहितो की लोक येशूला योसेफाचा पुत्र समजत. मत्तयच्या यादीत चार स्त्रिया येतात, तामार, राहाब, रूथ आणि चौथी, जिचे नाव न घेता तो तिला उरियाची बायको म्हणतो. ज्या गोष्टी एखाद्या सभ्य कुळाने झाकल्या असत्या, त्या त्याने पहिल्याच पानावर मांडल्या. (पौलाने तिमथ्याला अंतहीन वंशावळींच्या नादी लागू नकोस असे बजावले आहे, तेही मला त्या रात्री आठवले, पण तोवर उशीर झाला होता.)

कायद्यानेही हा पेच ओळखला आहे. तेरखेडा तेव्हा निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तिथे चालत नव्हते. तरी १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचे शंभरावे कलम इथे विचारात घेण्याजोगे आहे. मृत्युपत्रातल्या 'मुलगा', 'मुलगी' अशा शब्दांनी औरस नातलगच समजावा, असे ते आधी सांगते. आणि तसा कोणी नसेल, तर मृत्युपत्राच्या दिवशी लोक ज्याला तो नातलग मानत होते, तो समजावा, असे पुढे म्हणते. एवढ्या काटेकोर कायद्यालाही शेवटी गावाच्या तोंडाकडे पाहावे लागले.

पण मानलेल्या नात्याला न्यायालयाच्या दारात काय सोसावे लागते, याचेही एक उदाहरण आपल्या इतिहासात आहे. पुण्याचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज १८९७ साली वारले. मृत्युपत्रात त्यांनी लोकमान्य टिळकांना विश्वस्तांपैकी एक नेमले होते आणि पत्नी गरोदर असल्याने पुत्र झाल्यास तो वारस, तो न जगल्यास दत्तक, अशी तरतूद केली होती. पुत्र झाला आणि थोड्याच काळात गेला. १९०१ च्या जूनमध्ये निजामाच्याच मुलखात, औरंगाबादला, कुळाच्या एका शाखेतला जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेतला गेला. दोनच महिन्यांनी ताईमहाराजांनी पुण्यात कोल्हापूरकडचा दुसरा मुलगा दत्तक घेतला. मुलाला मांडीवर बसवले की नाही, यावर साक्षी-पुरावे झाले. टिळकांवर खोट्या साक्षीचा आरोप येऊन १९०३ मध्ये शिक्षा झाली, ती १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. जगन्नाथचे दत्तकविधान खरे, हा निकाल लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९१५ साली दिला. आपण या खटल्याकडे लोकमान्यांच्या चारित्र्याची कसोटी म्हणून पाहतो. मला मात्र त्या दोन मुलांचे बालपण आठवत राहते. आपण कोणाचे मुलगे, हे ज्यांना चौदा वर्षे सातासमुद्रापलीकडून कळायचे होते.

म्हणून काही सज्जन म्हणतात की जुने झाकलेले झाकलेलेच असू द्यावे. या म्हणण्यात दया आहे, आणि आपल्या धर्मग्रामाच्या पुस्तकांतही ती आहे. जुन्या नोंदवह्यांत एखाद्या बाळापुढे धर्मगुरूने लॅटिनमध्ये 'पिता अज्ञात' एवढेच लिहिलेले आढळते, जरी गावाला पिता चांगला ठाऊक असे. १९८३ च्या कॅनन लॉचा ८७७ वा नियम अविवाहित मातेचे नाव तेव्हाच नोंदवायला सांगतो, जेव्हा तिचे मातृत्व सर्वज्ञात असेल किंवा ती स्वतःहून, लेखी वा दोन साक्षीदारांसमोर, तशी मागणी करील. बाईची इच्छा तिथे प्रमाण धरली आहे. हे मौन दुबळ्याला आडोसा देते आणि ते मोडण्याचा अधिकार वंशावळीच्या हौशी माणसाला नाही, असे मी मानतो.

पण प्रत्येक मौन असे नसते. आपल्याकडे मुलींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या गेल्या, आणि पुढे कुळाची वंशावळ लिहिताना त्या मुली कागदावरूनही गळाल्या. पहिल्याने त्यांचे शेत गेले, दुसऱ्याने त्यांचे असणे. सलाफहादच्या पाच मुलींनी मोशेपुढे उभे राहून, पुत्र नव्हता म्हणून आमच्या बापाचे नाव कुळातून का पुसावे, असे विचारले होते, आणि गणनेच्या पुस्तकात त्यांची पाचही नावे नोंदलेली आहेत. माझ्या आत्याला मी आमच्या वंशावळीत घातले तेव्हा घरातल्या एकाने विचारले, "आता कशाला?" तिच्या मुलांना आजही आजोळ म्हणजे काय ते ठाऊक नाही. या मौनाने कोणाला आडोसा दिला, हे मला तरी सांगता आले नाही.

तेव्हा झाकलेले उघडावे की नाही, हे विचारण्याआधी मी एवढेच विचारतो की झाकण्याने कोणाचे रक्षण होते आणि कोणाचे काही हिरावले जाते. तेरखेड्याच्या कागदात हिरावले गेले होते ते त्या बाईचे. तिचा मुलगा दुसऱ्याच्या नावे वाढला, आणि पोटच्या पोराने तिला काकी म्हटले. बदल्यात त्याला निम्मी जमीन मिळाली. हा सौदा तिने राजीखुशीने केला असेल, केला नसेल. पणजोबाने मात्र मरताना तिची खोली आणि ज्वारी विसरू दिली नाही, आणि लेखकाकडून तिच्या नावापुढे नवऱ्याचे खरे नाव लिहवून घेतले. ज्या पुरुषाने धाकट्याच्या नावापुढे 'बिन' लिहू दिले नाही, त्याने 'कोम' मात्र लिहविले. तो खोटे बोलला नव्हता. त्याने मुलगा मानला आणि मुलगा म्हणून लिहिले नाही, या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर शेजारी ठेवल्या.

सकाळी हे मी मित्राला सांगितले. तो बराच वेळ चहाचा कप हातात धरून बसला. "म्हणजे मी तेवढेच लिहायचे, जेवढे त्यांनी लिहिले," तो म्हणाला. त्याने नवी वंशावळ घेतली. मूळ पुरुषाखाली दोन भाऊ आले. पणजोबाखाली थोरला आला. भावाखाली धाकटा आला, आणि समोर त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले, "मृत्युपत्रात चिरंजीव म्हणून उल्लेख." वकिलाला हे पसंत पडले नाही, शपथपत्रात असला पाल्हाळ नको, असे त्याचे म्हणणे. मित्राने ते काढले नाही.

मग मी सुचवले की धाकट्याच्या आईचेही नाव घाल. वंशावळीच्या त्या नमुन्यात बायकांना रकाना नव्हता. मित्राने समासात जागा केली आणि विचारले, "काय नाव आहे?"

मी भिंग घेऊन पुन्हा ती ओळ लावली. कागद तिथे घडीवर विरला होता, तरी अक्षरे तीनच होती आणि स्पष्ट होती. "सगुणा," मी वाचले. "सगुणाबाई."

दारात बसलेल्या म्हाताऱ्या आईने ज्वारी पाखडता पाखडता सूप खाली ठेवले. सत्तरेक वर्षे तिने त्या बाईची आठवण काढली होती. "सगुणा व्हय," ती म्हणाली. "आमाला कुनी सांगितलंच न्हाई."